साबणाचा पापुद्रा संगणकात: ‘जाडी’ या शब्दाची पार्श्वभूमी

नाशिकच्या चैत्रातल्या कोरड्या हवेत तारेच्या कड्यावर धरलेला साबणाचा पापुद्रा काळा पडण्याआधीच बहुधा फुटतो. काचेच्या बंद बरणीत, तळाशी थोडे पाणी ठेवून तो जपला, तरच वरच्या कडेपासून काळा होत जाताना, म्हणजे इतका पातळ होताना दिसतो की त्यावरून प्रकाश जवळजवळ परततच नाही. या काळेपणाच्या नोंदी सतराव्या शतकापासूनच्या आहेत. असा पापुद्रा रेणूरेणूने संगणकात चालवून पाहणे मात्र अलीकडचे.

द्रवरूप आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल १९६४ मध्ये आणि पाण्याच्या २१६ रेणूंची १९७१ मध्ये गणली गेली. १९८० च्या दशकात पाण्याची सुटसुटीत प्रारूपे हाती आल्यावर, १९९० च्या दशकात सोडियम डोडेसिल सल्फेटच्या पापुद्र्याची पाळी आली. (याला साबण म्हणणे सैल बोलणे आहे, हा पदार्थ कृत्रिम धुलाईद्रव्यांच्या कुळातला.) मधे पाण्याचा थर, त्याच्या दोन्ही अंगांना डोके (पाण्याला धरून राहणारे टोक) पाण्यात आणि शेपटी (पाणी टाळणारी लांब साखळी) बाहेर अशी या पदार्थाच्या रेणूंची एकेक रांग, आणि त्यापलीकडे पोकळी, अशी ती मांडणी होती व आजही आहे.

घोळ झाला तो ‘जाडी’वरून. काळ्या पापुद्र्याचे दोन प्रकार मानतात: मीठ कमी असताना टिकणारा जाडसर ‘सामान्य’ आणि मीठ वाढवल्यावर मिळणारा, सुमारे ४ नॅनोमीटरचा ‘न्यूटन’ पापुद्रा. प्रयोगात परावर्तित प्रकाश मोजून, सगळा पापुद्रा जणू १.३३ वक्रीभवनांकाचे पाणीच आहे असे धरून, जाडी काढण्याची रीत होती. शेपट्यांचा थर पाण्याहून निराळा असल्याने हा आकडा खऱ्या जाडीशी जुळतोच असे नाही. संगणकात जाडी घनतेच्या आलेखावरून ठरते आणि तेथेही सीमा कोठे मानावी हा निवडीचा भाग राहतो. त्याहून अडचणीची गोष्ट अशी, की प्रत्यक्षातला पापुद्रा कडेच्या द्रवाशी पाण्याची देवघेव करून आपली जाडी स्वतः ठरवतो, तर संगणकात प्रत्येक डोक्यामागे पाण्याचे किती रेणू ठेवायचे हे अभ्यासकच आधी ठरवून टाकतो. तेव्हा ‘न्यूटन पापुद्रा मिळाला’ असे लिहिणे, माझ्या मते, थोडे धाडसाचेच आहे. तो मिळाला नव्हता, रचला होता.

पुढे विद्युत्‌बलांना ठरावीक अंतरावर कात्री लावणे मागे पडले आणि दूरवरच्या बलांची जलद बेरीज करणारी १९९३ ची पद्धत रुळली. आलेखपत्त्यांमुळे (ग्राफिक्स कार्डांमुळे) गणता येणाऱ्या पापुद्र्याचे आकारमानही वाढले. काळाची दरी मात्र मोठीच राहिली. गणनेचे एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचे (फेम्टोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग) धरले, तर एका नॅनोसेकंदाला पाच लाख पावले लागतात, आणि बरणीतला पापुद्रा तर काळा पडायला मिनिटे घेतो. म्हणून निचरा होण्याची वाट पाहण्याऐवजी पाण्याचे प्रमाण पायरीपायरीने बदलून, प्रत्येक पायरीवर विलगक दाब, म्हणजे पापुद्र्याची दोन पृष्ठे एकमेकांना जितक्या जोराने दूर लोटतात तो दाब, गणण्याकडे काही अभ्यासक वळले. तो दाब सच्छिद्र पट्टीत पापुद्रा धरून प्रयोगातही मोजता येतो. त्यामुळे जाडीच्या एकट्या आकड्याऐवजी दाब आणि जाडी यांचा अख्खा आलेख शेजारी ठेवून तुलना करता येते.