मोशन कॅप्चर : ॲनिमेशनपटांतील उपयोग आणि मर्यादा

जिवंत माणसाची हालचाल मोजून ती संगणकातील पात्राच्या सांगाड्यावर चढवण्याचे तंत्र. बोलीत नुसते ‘मोकॅप’. चेहरा आणि बोटेही सोबत टिपली तर त्याला ‘परफॉर्मन्स कॅप्चर’ म्हणतात. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी दिसतात. मोकॅपमध्ये सांध्यांची जागा अनेकदा सेकंदाला १२० वेळा नोंदली जाते. या तंत्राचा पूर्वज म्हणजे रोटोस्कोप. चित्रित माणसावरून चौकटीमागून चौकट गिरवण्याच्या या युक्तीचे पेटंट मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले.

दोन पद्धती जास्त चालतात. ऑप्टिकल पद्धतीत नट अंगाला घट्ट बसणारा सूट घालतो, सूटवर प्रकाश परतवणारे छोटे गोळे (मार्कर) लावतात आणि भोवतालचे अवरक्त कॅमेरे ते टिपतात. एक गोळा निदान दोन कॅमेऱ्यांना दिसला, तरच त्याची जागा कळते. दुसऱ्या पद्धतीत कॅमेरे लागत नाहीत, सूटमध्येच संवेदक असतात. ती स्वस्त पडते आणि कुठेही नेता येते. मात्र दिशा ओळखण्यासाठी हे संवेदक बहुधा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतात, आणि भोवती लोखंड असले की ते भरकटतात. आपल्याकडे मोठी, रिकामी जागा म्हटली की पत्र्याचे शेडच डोळ्यांसमोर येते. लोखंडी कैच्यांखाली सरळ चाललेला नट संगणकात हळूहळू तिरका होत भिंतीत शिरतो. मे महिन्यात त्याच पत्र्याखाली तो सूट घालून उभे राहणे, हा मुद्दा माहितीपुस्तिकेत नसतो.

यंत्राला काय सापडते आणि काय निसटते, हे देवीच्या गोंधळावरून चांगले समजते. तुळजाभवानीचे कदमराई गोंधळी किंवा माहूरच्या रेणुकेचे रेणुराई गोंधळी, कोणीही घ्या. संबळ कमरेला बांधलेला, दोन्ही हातांतल्या काड्या पोटासमोर, अंगात घोळदार झगा, गळ्यात कवड्यांची माळ. पावलाची ठेक, गिरकी घेताना एका पायावर आलेला भार, थकल्यावर खांद्यांत उतरलेला जडपणा, हे सारे मोकॅप चोख टिपते. इतका बारीक तोल हाताने रचायला ॲनिमेटरला दिवसचे दिवस लागले असते. पण कमरेवरचे मार्कर संबळाआड जातात, मनगटे एकमेकांना झाकतात, कवड्यांची चकाकी कॅमेऱ्याला मार्करच वाटू शकते. झगा तर काढूनच ठेवावा लागतो. पुढे त्याचा घेर संगणकात वेगळा बनवतात, आणि गोंधळातले निम्मे सौंदर्य त्या घेरातच असते. टिपलेली नोंदही जशीच्या तशी वापरता येत नाही. तुटलेले दुवे जोडावे लागतात, जमिनीवर घसरणारे पाय रोवावे लागतात.

एका देहाची चाल दुसऱ्या देहाला देता येणे, ही या तंत्राची मोठी ताकद. ‘हॅपी फीट’मधील (२००६) पेंग्विन सॅव्हियन ग्लोव्हर या नर्तकाच्या टॅप नृत्यावर नाचतो. ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये (२००४) टॉम हँक्स यांनी लहान मुलापासून सांताक्लॉजपर्यंत अनेक पात्रांना हालचाल दिली. त्याच चित्रपटातील निर्जीव डोळ्यांवर मात्र सडकून टीका झाली, कारण बुबुळांवर मार्कर चिकटवता येत नाहीत. माणसासारखे दिसणारे रूप जरासेच चुकले तर पाहणाऱ्याला अस्वस्थ करते, हे निरीक्षण मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये यंत्रमानवांविषयी मांडले होते. ते इथे तंतोतंत लागू पडले. भारतात रजनीकांत यांच्या ‘कोचडैयान’ने (२०१४) मोकॅपची वाट धरली. डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांमुळे ‘अवतार’पासून (२००९) चेहरे बरेच सुधारले.

दुसरी मर्यादा तंत्र सुधारून जाणारी नाही. ॲनिमेशनचा जीव अतिशयोक्तीत असतो. पोतराजाने आसूड उगारला की चित्रात त्याचा हात वीतभर लांबतो, फटक्याआधी अंग धनुष्यासारखे वाकते. मोजणीत हे येत नाही, कारण खऱ्या अंगात ते घडतच नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील अप्सरेकडे पाहा. ती उडते आहे हे गळ्यातल्या एका बाजूला झुकलेल्या सरांवरून कळते. कुणा नटाला दोराने टांगून ते मिळाले नसते. म्हणून व्यंगचित्री धाटणीच्या पात्रांना मोकॅप सहसा मानवत नाही, वास्तवदर्शी पात्रांना मानवते.

मोकॅपला ॲनिमेशन म्हणायचे का, हा वादही याच ठिकाणी आहे. ‘रॅटाटुई’च्या (२००७) श्रेयनामावलीत मोशन कॅप्चर वापरले नसल्याची शेखी मिरवलेली आहे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१० मध्ये नियमच केला की निव्वळ मोशन कॅप्चर हे ॲनिमेशनचे तंत्र धरले जाणार नाही. ही कडक भूमिका थोडी अन्यायाची वाटते, कारण टिपलेल्या नोंदीची साफसफाई करणारा ॲनिमेटर पुष्कळदा अर्धी भूमिका नव्याने करत असतो. नटाची बाजूही दुबळीच राहते. गोंधळ्याची चाल एकदा फाइलमध्ये गेली की ती राक्षसाला, माकडाला, कुणालाही चढवता येते, आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत येईल की नाही हे करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते.