‘रिप्लेसमेंट’ म्हणायचं, पण कशाचं?

काही पुरुष वयातच येत नाहीत. त्यांच्या उपचारालाही ‘टीआरटी’, म्हणजे ‘टेस्टोस्टेरॉन रिप्लेसमेंट थेरपी’ म्हणतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ साली. पुढच्या दोन दशकांत स्नायूत टोचायचं, दोन-चार आठवडे पुरणारं तेलातलं इंजेक्शन आलं आणि बराच काळ उपचार तिथेच थांबला. विशी-पंचविशीतही मिसरूड न फुटलेल्या पुरुषाला तेच दिलं जाई.

खरी उलथापालथ १९७१ नंतरची. मेंदूतून पिच्युटरीला (मेंदूखालची, वृषणांना कामाला लावणारी ग्रंथी) हुकूम देणाऱ्या हार्मोनची रचना त्या वर्षी कळली. हा हुकूम ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने यावा लागतो. सलग दिला तर पिच्युटरी उलट गप्प बसते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंगावर बाळगायच्या छोट्या पंपातून दर दोन तासांनी डोस देऊन प्रौढ पुरुष वयात आणले गेले. पंप मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आला.

तेव्हापासूनचा वाद म्हणजे सुरुवात कशाने करायची? टेस्टोस्टेरॉनने दाढी येते, आवाज फुटतो, हाडं भरतात. वृषणं मात्र लहानच राहतात आणि शुक्रजंतू तयार होत नाहीत. एचसीजी आणि एफएसएच या, थेट वृषणांना चालना देणाऱ्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी तेही साधतं, पण ती आठवड्यातून दोन-तीनदा, अनेक महिने घ्यायची, आणि खर्चही मोठा. (दोष वरून येणाऱ्या हुकुमात नसून वृषणांतच असेल, तर या इंजेक्शनांचा उपयोग नाही.) ‘आधी टेस्टोस्टेरॉन घेतलंत, आता मूल विसरा’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. ते इतक्या ठामपणे म्हणण्याजोगं नाही. आधी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या अनेकांमध्ये नंतर शुक्रजंतू तयार झाले आहेत. आधीच्या उपचाराने यश घटतं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही.

शब्दाचाही घोळ आहेच. जे कधी आलंच नाही, त्याचं ‘रिप्लेसमेंट’ कसं होणार? इथे वयात आणायचं असतं. उपचार ‘आयुष्यभर’ घ्यायचा असं मानलं जाई. त्या शब्दालाही २००७ मध्ये तडा गेला. उपचार थांबवून पाहिल्यावर सुमारे दहातल्या एका पुरुषाची यंत्रणा आपणहून चालू झालेली आढळली.

२००० नंतर जेल आलं, दहा-बारा आठवडे पुरणारं इंजेक्शन आलं आणि त्याबरोबर उतारवयातल्या ‘लो टी’चा (कमी टेस्टोस्टेरॉनचा) बाजारही. नुसत्या वयामुळे घटलेल्या टेस्टोस्टेरॉनवर या औषधांचा फायदा सिद्ध झालेला नाही, असं अमेरिकेत २०१५ मध्ये लेबलवर छापायला लावलं गेलं. ‘टीआरटी’ हा शब्द तोवर जिमवाल्यांचा झाला होता. आवाज न फुटलेला पंचविशीतला मुलगा आज तो शोधतो, तेव्हा आधी दंडांचे फोटो दिसतात.