बॉनेटच उघडेना तेव्हा

गेल्या पावसाळ्यात सुरूर फाट्याजवळच्या एका हॉटेलच्या आवारात लाल रंगाची, दोन दारांची विदेशी स्पोर्ट्स कार बंद पडली होती. बॅटरी उतरली होती, एवढंच. मी आणि मामा चहाला थांबलो होतो. मामांनी चाळीस वर्षं साताऱ्यात गॅरेज चालवलं, त्यामुळे बंद गाडी दिसली की त्यांचे पाय तिकडे वळतातच. आमच्याकडे जंपर केबल होती, पण ती लावायची कुठे? बॅटरी पुढच्या झाकणाखाली आणि त्या झाकणाची कडी विजेवर सुटणारी. वीज नाही म्हणून झाकण उघडेना, झाकण उघडेना म्हणून वीज देता येईना. शेवटी गाडीवाल्या मुलाने दोन-तीन ठिकाणी फोन केल्यावर कळलं की फ्यूज बॉक्समधून एक टोक बाहेर ओढायचं आणि बाहेरच्या बॅटरीची वीज त्याला द्यायची, मग कडी सुटते. यात पाऊण तास गेला. परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. लिंबखिंडीजवळ आल्यावर म्हणाले, "अरे, बिघाड काहीच नव्हता. आत जायची वाट सापडत नव्हती."

मामांचं हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. नव्या गाड्या घरी दुरुस्त करणं का अवघड झालं, याचं बरंचसं उत्तर त्यात आहे, पण सगळं नाही.

मामा शिकले ते प्रिया स्कूटरवर. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ती तयार व्हायची, त्यामुळे गल्लीगल्लीत तिचे जाणकार होते. पुढे मारुती ८०० आली. गाडी मिसिंग मारायला, म्हणजे अडखळत चालायला लागली की मामा ठिणगी पाडणारा प्लग काढून उजेडात धरत. टोक चहाच्या रंगाचं असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर, काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडलं असेल तर हवा जास्त. मग कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. कार्बोरेटर म्हणजे मधे निमुळती केलेली नळी. निमुळत्या भागातून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. हे सगळं डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं विज्ञान होतं. दहावी नापास झालेला पोरगाही सहा महिन्यांत त्यात तरबेज व्हायचा. अशी पोरं मी पाहिली आहेत, त्यातल्या काहींची पुढे स्वतःची गॅरेजं झाली.

ही पद्धत मोडली ती धुरामुळे. १९९५ पासून आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवणं सक्तीचं झालं. सायलेन्सरच्या वाटेवरचा हा डबा कार्बन मोनॉक्साईड, न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साईडं या तिन्ही विषांचा एकदम बंदोबस्त करतो, पण त्याची एक अट आहे. एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा, हे प्रमाण फार थोडंही ढळता कामा नये. चहाच्या रंगाचा अंदाज इथे पुरत नाही. म्हणून सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आला, त्याचं ऐकून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवणारा संगणक आला आणि कार्बोरेटर गेला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या दुचाकींतूनही तो जवळजवळ नाहीसा झाला. ही वाट योग्यच होती असं मला वाटतं. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर संध्याकाळी उभं राहणाऱ्या कुणालाही तसंच वाटेल.

पण या बदलाचा एक परिणाम आहे, ज्याची चर्चा फार होत नाही. नवी गाडी आपला आजार लपवते. समजा, इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातली एखादी रबरी नळी चिरली. जुन्या गाडीत फुसफुस ऐकू यायची आणि इंजिनाची रेस खालीवर व्हायची. नव्या गाडीत चिरेतून जादा हवा शिरली की ऑक्सिजन सेन्सरला ते कळतं आणि संगणक तेवढं पेट्रोल वाढवतो. पाच टक्के, दहा टक्के, पंधरा टक्के. चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. चीर वाढत जाऊन संगणकाची मर्यादा संपली की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावर, पी०१७१ असा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, हे कोड सांगत नाही. नळी चिरली असेल, पंप कमजोर असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. कोड वाचून सेन्सर बदलायचा, दिवा विझवायचा आणि आठवड्यात तो पुन्हा लागायचा, असं घडतं ते यामुळे. स्कॅनर लक्षण सांगतो. निदान माणसालाच करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारी समज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

स्पोर्ट्स कारमध्ये हे सगळं आणखी ताणलेलं असतं. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ४० हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद द्यायचं. मर्सिडीज-एएमजीच्या ए ४५ एस या गाडीचं दोन लिटरचं इंजिन ४२१ हॉर्सपॉवर देतं. म्हणजे लिटरमागे चौपट. एवढी ताकद काढायची तर टर्बो नावाच्या पंख्याने इंजिनात हवा कोंबावी लागते, आणि कोंबलेल्या मिश्रणाचा काही भाग अवेळी भडकून पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येण्याची भीती असते. चढावर तो टकटक आवाज ऐकून मामा टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घ्यायचे. आता इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला पिझो स्फटिक, म्हणजे हादऱ्याची वीज करणारा स्फटिक, तो आवाज ऐकतो आणि पुढच्याच ठिणगीची वेळ बदलतो. पोर्शे ९११ जीटी३ चं इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे एकेका सिलिंडरमध्ये सेकंदाला ७५ ठिणग्या. हे काम कान आणि हात करू शकत नाहीत. इंधनाचंही तसंच. साध्या इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा दाब तीन-चार बार असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत तो २०० बारच्या वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. अशी नळी सवयीने पाना लावून ढिली करू नका, हे मी कळकळीने सांगतो.

जागेचा प्रश्न मात्र जुना आहे आणि त्याला संगणक जबाबदार नाही. १९९४ च्या फेरारी एफ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. १९९९ मध्ये आलेल्या ३६० मोडेनात सीटच्या मागे उघडणारी फळी ठेवली आणि इंजिन न काढता बेल्ट बदलता येऊ लागला. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. नवी गाडी जुनीपेक्षा दुरुस्तीला सोपी झाली, कारण कुणीतरी कागदावर रेघ ओढताना पाना धरणाऱ्या हाताचा विचार केला.

आता कुलपांबद्दल. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी दूर बसून, इंटरनेटवरून एका चालत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरायच्या दारावर पहारा बसू लागला. स्कॅनरला वाचायला मिळतं, पण हुकूम द्यायचा तर परवानगी लागते. ब्रेक बंद पाडता येत असतील तर पहारा हवाच. पण काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी ती संगणकात नोंदवावी लागते, कारण बॅटरीच्या प्रकारानुसार आणि वयानुसार चार्जिंग बदलतं. विजेवरच्या हँडब्रेकच्या गाडीत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी संगणकाला सांगून पॅड दाबून धरणारे कॅलिपर मागे घ्यावे लागतात. या दोन्ही गोष्टींची तांत्रिक कारणं खरी आहेत. पण ती सोय गाडीच्याच पडद्यावर मालकाला देता आली असती, आणि काही कंपन्या हँडब्रेकसाठी तशी देतातही. जिथे देत नाहीत, तिथे मला ते कुलूप मान्य नाही.

आपल्याकडे याची दखल घेतली गेली आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असं सांगितलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे.

मामांनी गेल्या वर्षी स्कॅनर घेतला. त्यांचा भाचा म्हणून मला तो शिकवावा लागला. कोडच्या यादीपेक्षा त्यांना धावत्या इंजिनाचे आकडे बघायला आवडतात. परवा शेजाऱ्यांची गाडी आली होती. दिवा लागलेला नव्हता, फक्त ॲव्हरेज कमी झालं होतं. पडद्यावर संगणक बारा टक्के जादा पेट्रोल देताना दिसत होता. रेस वाढवली की तो आकडा तीनवर येई, सोडली की पुन्हा बारा. "बारीक भोक आहे," मामा म्हणाले. "इंजिन हळू असताना हवा थोडीच लागते, त्यात चोरटी हवा मिसळली की लगेच कळते. जोरात असताना ती गर्दीत हरवते." मग त्यांनी इंजिन बंद केलं, बॅटरीवर टॉर्च ठेवला आणि रबरी नळ्या एकेक करून बोटांनी दाबत गेले. चौथ्या नळीला चीर सापडली.