‘हाय-फ्लेक्स’ गुडघा: पार्श्वभूमी

मुंबईत गुडघा बदलून घेणारा माणूस डॉक्टरांना आधी विचारतो, “मांडी घालता येईल का?” चाळीतला भारतीय पद्धतीचा संडास, देवापुढची बैठक, जमिनीवरची पंगत यांसाठी 130 अंशांच्या पुढे गुडघा वाकावा लागतो. ‘हाय-फ्लेक्स’, म्हणजे जास्त वाकू शकेल असा कृत्रिम गुडघा, हा शब्द इथे रुजला तो या गरजेवर.

1970च्या दशकातले कंडायलर (मांडीच्या हाडाच्या गोल टोकांसारखा आकार असलेले कृत्रिम) गुडघे साधारण 90 अंश वाकत. खुर्चीतून उठायलाच जवळपास तेवढे लागतात. 1978मध्ये मागचे क्रूसिएट लिगामेंट (गुडघ्याच्या आत दोन हाडे जोडणारा पट्टा) काढून त्याचे काम खुंट आणि कॅम यांच्यावर सोपवणारी रचना आली: गुडघा वाकताना फीमरवरचा, म्हणजे मांडीच्या हाडावरचा, कॅम (आडवा दांडा) नडगीच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुंटाला टेकतो आणि फीमर मागे सरकतो. लिगामेंट राखणारा ‘सीआर’ बरा की काढणारा ‘पीएस’, हा वाद तेव्हापासूनचा. सीआरमध्ये लिगामेंट ताठ राहिले तर गुडघा वाकत नाही, ढिले राहिले तर फीमर पुढे घसरतो. पीएसमध्ये बॉक्ससाठी (खुंट मावेल अशा खाचेसाठी) जादा हाड जाते आणि वाटीजवळ तंतुमय गाठ होऊन ‘क्लंक’ (अडकून सुटण्याचा खटका) लागू शकतो. चालणे, जिने, वेदना या निकषांवर दोन्हींत लक्षणीय फरक सहसा दिसत नाही.

2000च्या आसपास हाय-फ्लेक्स आला. फीमरच्या मागच्या बाजूचे सुमारे 2 मिलिमीटर हाड जास्त कापायचे आणि तिथे धातूची वक्रता लांबवायची, म्हणजे खोल वाकतानाही धातू प्लॅस्टिकवर कडेने न टेकता पसरून टेकतो. माहितीपत्रकांत 155 अंश छापले गेले आणि घोळ तिथेच झाला. तो आकडा इम्प्लांट (बसवलेला कृत्रिम सांधा) किती कोन सुरक्षितपणे सोसेल याचा होता. रुग्णाने तो आपला गुडघा किती वाकेल असा वाचला. साध्या गुडघ्याशी तुलना झाली तेव्हा फरक जेमतेम काही अंशांचा निघाला. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, हेच नंतरच्या वाकण्याचे सर्वांत भरवशाचे माप ठरले. 2007मध्ये दक्षिण कोरियातून तर उकिडवे बसणाऱ्या रुग्णांत फीमरचा भाग लवकर सैल झाल्याची नोंद आली.

तरीही ऑगस्ट 2017मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर आणलेल्या दरनियंत्रणात या शब्दाला स्वतंत्र रकाना मिळाला. तेव्हाची कमाल किंमत कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या साध्या गुडघ्यासाठी 54,720 रुपये, हाय-फ्लेक्ससाठी 56,490, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमसाठी 76,600, जीएसटी वेगळा. पहिल्या दोहोंत अंतर 1,770 रुपयांचे. किमती उतरल्या हे फार चांगले झाले, पण वेगळ्या रकान्यामुळे ‘हाय-फ्लेक्स म्हणजे वरचा दर्जा’ ही समजूत पक्की झाली, हे नुकसानच.

आता भर व्यायामावर आहे. ऑपरेशनच्या त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला चालवतात. दोन आठवड्यांत 90 आणि सहा आठवड्यांत 110 अंशांच्या आसपास जाण्याचे लक्ष्य असते. पाय पूर्ण सरळ होणे त्याहून महत्त्वाचे, आणि दुर्लक्ष होते ते तिथेच. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेतात, गुडघा वाकलेलाच आखडतो; 10 अंशांचा बाक राहिला तरी मांडीचा स्नायू थकतो आणि माणूस लंगडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवायचा. चाळीचा जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. सहा आठवड्यांनीही 90 अंश झाले नाहीत तर भूल देऊन गुडघा वाकवतात, शक्यतो बाराव्या आठवड्याच्या आत; त्यानंतर आतले व्रण घट्ट होतात आणि जोर लावताना हाड मोडण्याचा धोका वाढतो.