गोळी शिरली एकीकडे, सापडली भलतीकडे

पोटात गोळी शिरल्याची जखम आहे, बाहेर पडल्याची कुठेच नाही आणि पोटाच्या एक्स-रेत गोळीच दिसत नाही, असं झालं की सर्जनच्या डोक्यात शंका येते की ती रक्तवाहिनीत घुसून वाहत गेली असणार. लहान, कमी वेगाची गोळी किंवा छर्रा असला की हे होऊ शकतं, म्हणजे वाहिनीची एक भिंत फुटते आणि दुसरी फोडायला जोर उरत नाही. मग धमनीत असेल तर बऱ्याचदा पायाकडे, शिरेत असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूला नाहीतर पुढे फुफ्फुसात.

1834 मध्ये थॉमस डेव्हिस या डॉक्टरने एका मुलाची केस नोंदवली. त्यात गोळी नव्हती, बंदूक फुटून लाकडाचा तुकडा छातीत घुसला होता आणि पोरगं गेल्यावर तो सापडला हृदयाच्या उजव्या कप्प्यात. जिवंतपणी शोधणार तरी कसं, एक्स-रेचा शोधच मुळी 1895 चा!

खरी मजल मारली दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन सर्जन ड्वाइट हार्कनने इंग्लंडमधल्या लष्करी हॉस्पिटलमध्ये सैनिकांच्या हृदयातून, मोठ्या वाहिन्यांतून आणि त्यांच्या आजूबाजूने 134 गोळ्या-तुकडे काढले आणि एकही पेशंट दगावला नाही. तेही ऑपरेशनवेळी हृदय-फुफ्फुसाचं काम सांभाळणारं हार्ट-लंग मशीन नसताना (ते पेशंटवर यशस्वी झालं 1953 ला), म्हणजे धडधडत्या हृदयाला छेद द्यायचा, चिमट्याने तुकडा पकडायचा, रक्त उसळत असतानाच टाके ओढून भोक बंद. वाचतानाच घाम फुटतो.

पण माझ्या मते काढण्यापेक्षा ती जागेवर सापडणं हेच जास्त अवघड, कारण पेशंटची कूस बदलली तरी गोळी सरकू शकते, म्हणून चीर द्यायच्या अगदी आधी पुन्हा एक्स-रे घ्यायचा हा धडा सर्जन्सनी गिरवून ठेवलाय.

1960 च्या दशकात फोगार्टी या सर्जनचा बलून कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली बारीक नळी आली, रक्ताच्या गुठळ्या ओढून काढायला, आणि मग धमनीतल्या गोळ्यांसाठीही कामाला लागली. आता शिरेतून फास सोडून गोळी पकडतात, छाती उघडायची वेळ दर वेळी येत नाही.

गोळी धमनीत अडकली तर ती काढायला सर्जन सहसा थांबत नाहीत, कारण हातपायाचं रक्त तुटतं. फुफ्फुसात गेलेली आणि काही त्रास न देणारी गोळी मात्र काढावी की राहू द्यावी यावर सर्जन्सचं अजून एकमत नाही.