ढगात कान फसवतात
आषाढात सावंतवाडीहून आंबोलीकडे पाहिलं तर अनेकदा घाटमाथा दिसतच नाही. त्याचं गणित साधं आहे. तापमानातून दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते) वजा करा आणि उरलेल्या अंशांना १२५ने गुणा. ढगांचा तळ जमिनीपासून अंदाजे किती मीटरवर आहे ते कळतं. तापमान २८, दवबिंदू २५ असेल तर ढग ३७५ मीटरवर सुरू होतात. आंबोली आहे सुमारे ६९० मीटरवर. खाली मोकळं वाटत असतानाच घाट ढगात बुडालेला असतो. उपकरणांऐवजी बाहेर बघून विमान उडवणाऱ्या वैमानिकाला विमानतळावर किमान ५ किलोमीटर दृश्यता आणि ४५० मीटरचा ढगतळ लागतो, तो अशा दिवशी मिळतच नाही.

तरी कुणी ढगात शिरलाच तर? १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी सोय करून विमान चालवायला दिलं. विमान हाताबाहेर जाण्याच्या स्थितीत यायला सरासरी १७८ सेकंद लागले. २० पैकी १९ जण गोल गोल खाली जाणाऱ्या वळणात सापडले.

हे घडतं कानामुळे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव मागे राहतो आणि वळण जाणवतं. पण विमान एकाच वेगाने वळत राहिलं तर १०-२० सेकंदांत द्रव नलिकांबरोबर फिरू लागतो आणि 'आपण सरळ चाललोय' अशी खात्री वाटते. प्रत्यक्षात विमान कललेलं असतं, म्हणून नाक झुकतं, वेग वाढतो. वैमानिकाला फक्त उंची घटताना दिसते. तो दांडा मागे ओढतो, तर वळण आणखी आवळतं. जीव जातो तो इथे. सुटकेचा क्रम पाठच हवा: इंजिनाची शक्ती कमी करा, कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाकडे बघून पंख सपाट करा, आणि मगच नाक हळूहळू वर घ्या.

समोर ढग दिसले आणि परत फिरायचं ठरलं तर सेकंदाला ३ अंशांचं वळण घ्यावं, १८० अंशांना बरोबर एक मिनिट. १०० नॉट (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) वेगाला त्यासाठी साधारण १५ अंश कल लागतो आणि वळणाचा व्यास होतो जवळजवळ २ किलोमीटर. सह्याद्रीच्या कित्येक दऱ्या याहून अरुंद आहेत. दृश्यता दीड किलोमीटर असेल तर समोरचा कडा दिसल्यापासून अर्धं मिनिटही मिळत नाही. त्यामुळे फिरायचं ते दरीच्या तोंडाशी, आत गेल्यावर नव्हे.

पश्चिमेला समुद्रावर वळलं की डोंगर टळतात, पण थंडीतल्या धुरकट संध्याकाळी तिथे पाणी आणि आकाश एकच होतं. १६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः चालवत असलेलं विमान रात्री धुरकट हवेत समुद्रावर असंच हाताबाहेर गेलं. तेव्हा ढगात शिरायचीही गरज पडली नव्हती.

उंचीमापकाकडेही लक्ष हवं. तो हवेच्या दाबावरून उंची सांगतो. पावसाळ्यात हवेचा दाब उतरतो. काटा १०१३ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) या दाबावर लावलेला आणि खरा दाब १००३ असेल, तर तो ८० ते ९० मीटर जास्त उंची दाखवतो. म्हणून निघण्यापूर्वी, आणि वाटेतही जवळच्या विमानतळाकडून, त्या वेळचा दाब विचारून काटा लावून घ्यावा.