विद्यापीठीय लोकशाही (मराठवाडा)

विद्यापीठाचा कारभार प्रतिनिधींच्या मंडळांमार्फत चालावा, प्रवेशाची दारे समाजाच्या सर्व थरांना खुली असावीत आणि अभ्यासक्रम, संशोधन व परीक्षा यांविषयीचे निर्णय पुराव्याच्या कसोटीवर व्हावेत, असा तिहेरी आग्रह. मराठवाड्यात यांतला दुसरा मुद्दा सर्वांत आधी ऐरणीवर आला आणि तो सभागृहापेक्षा रस्त्यावर अधिक लढला गेला.

निजामी राजवटीत या भागाला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. हैदराबादला १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून आधुनिक विज्ञान शिकवण्याचा तो प्रयोग धाडसी होता खरा, पण मराठवाड्यातल्या बहुसंख्यांच्या घरात ती भाषा बोलली जात नव्हती. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवन या त्याच्या परिसरातल्या वसतिगृहांमुळे खेड्यापाड्यांतली दलित मुले तिथे राहून शिकू शकली. प्रवेशाच्या चर्चेत आरक्षणाचे आकडे नेहमी येतात, वसतिगृह मात्र क्वचित. प्रत्यक्षात शहरात खोली मिळाली नाही तर राखीव जागाही रिकामी राहते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. विरोधकांत विद्यार्थीही होते. याच प्रदेशातल्या विद्यार्थ्यांनी १९७४ मध्ये विकासाच्या अनुशेषासाठी आंदोलन केले होते, हे लक्षात घेतले की प्रादेशिक न्यायाची जाण आणि जातीय न्यायाची जाण एकत्र येतेच असे नाही, हे दिसते. लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंगवास अशा सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

कारभाराची चौकट महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने ठरते. अधिसभेत (सिनेट, म्हणजे विद्यापीठाची प्रतिनिधी सभा) प्राचार्य, संस्थाचालक, अध्यापक यांच्याबरोबर नोंदणीकृत पदवीधरांचे १० निर्वाचित प्रतिनिधी असतात. मात्र पदवी मिळाली म्हणून मत मिळत नाही. मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. त्यामुळे ज्याच्या हाती महाविद्यालयांचे जाळे, त्याच्या पॅनेलला नोंदणीची मोहीम सोपी जाते. विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद या कायद्याने केली, पण निवडणुका लांबणीवर पडत गेल्या. कुलगुरूंची नेमणूक शोधसमितीच्या शिफारशीवरून कुलपती, म्हणजे राज्यपाल, करतात. तिथे मतदान नाही, आणि विद्वत्तेच्या पदासाठी ते असावेच असेही नाही.

अभ्यासक्रमात काय असावे हे बहुमताने ठरू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याची मुभा दिली, तेव्हा वैज्ञानिकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते फेटाळले. नागरिकाने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवावा हे संविधानातले मूलभूत कर्तव्य (कलम ५१क) तेव्हाही लागू होतेच. म्हणून अभ्यासक्रमातल्या वैज्ञानिक दृष्टिकोनाची राखण विषय ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांनी आणि शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या विद्यापरिषदेनेच करायची असते.

पुराव्यावर आधारलेल्या कामाचा इथला चांगला नमुना परभणीचा. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कृषी विद्यापीठाने पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या हळद्या रोगाला प्रतिकारक असा ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण दिला. १८ मे या स्थापनादिनाला खरीप आणि १७ सप्टेंबर या मुक्तिसंग्राम दिनाला रब्बी पीक मेळावा भरतो. तिथे शेतकरी शास्त्रज्ञांना थेट प्रश्न विचारतात. वाण शेतात टिकला का, हे सांगण्याचा अधिकार अशा वेळी पेरणाऱ्याकडे असतो. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या संशोधनाला असा परीक्षक सहसा भेटत नाही.

संलग्न महाविद्यालयांच्या भाराखाली विद्यापीठांचा मोठा वेळ परीक्षा घेण्यात जातो, त्यामुळे पारदर्शकतेचा आग्रहही तिथेच सर्वाधिक धरला जातो. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला. विद्यापीठाच्या निर्णयाचा पुरावा मागण्याचे हे साधन अधिसभेत जागा नसलेल्या विद्यार्थ्यालाही वापरता येते.